हुलग्याचा बाप

"घोडी आणि गाढव यांचं काय होतं?" खरात सरांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"भांडण," मागच्या बाकावरून नीलेश पुटपुटला आणि अख्खी सातवी 'ब' फिदीफिदी हसली.

सर वळले. "खेचर होतं, नीलेशराव. घोड्यासारखं दणकट, गाढवासारखं चिवट. पण खेचराला पुढं पिल्लू होत नाही. एका पिढीत गाडी थांबते. दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांचं असं आणखी कुठं जमतं किंवा जमत नाही, कुणाला माहीत आहे?"

आणि माझा हात वर.

यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. आता बारावीत मी हात वर करायचीही वाट बघत नाही, आणि वक्तृत्वाच्या ढाली आमच्या पत्र्याच्या घरात ठेवायच्या कुठं म्हणून आई रोज कटकट करते. पण तेव्हा शाळेत माझं तोंड उघडत नव्हतं. पाचवीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, घरी काय काय आहे, आणि मी म्हणाले, "मेंढरं हायती." कुणीतरी "बॅं" केलं. मग सगळ्यांनी केलं. त्यानंतर दोन वर्षं हजेरीला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे मी एक शब्द बोलले नाही. नव्या शिपायाला तर खरंच वाटायचं, कोकऱ्यांची हर्षदा मुकी आहे.

"बोल," सर म्हणाले.

"सर, शेळीचं आणि मेंढीचं जमत नाही. आमच्याकडं दोन्ही एकत्र चरतात. बोकड मेंढीला लागतो, पण गाभ धरत नाही. धरलंच तर दिवस भरायच्या आत पडतं. आबा म्हणतात, दिसायला सख्खी, पण पत्रिका जुळत नाही."

हसू उठलं, पण ते 'बॅं'वालं नव्हतं. सर खडू ठेवून माझ्या बाकापर्यंत आले. "शाब्बास. हे पुस्तकातसुद्धा नाही."

गोटीसोड्याची बाटली फोडली की कसा फस्सकन आवाज येतो, तसं माझ्या छातीत झालं. सगळ्या माना माझ्याकडं. नीलेशचीसुद्धा.

"आणि कुत्रा-लांडगा?" सरांनी आता वर्गाला नाही, मलाच विचारलं. "ते तर जवळचे. कुत्रा म्हणजे माणसाच्या घरी राहिलेला लांडगाच. त्यांचं जमतं, त्यांच्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात, असं म्हणतात. पण पाहिलंय कुणी?"

"आमच्या वाघीला झालंय, सर. हुलगा त्याचं नाव."

"लांडग्यापासून? कशावरून?"

"मी बघितलंय," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी."

आमची वस्ती गावापासून दीड कोसावर, माळाच्या कडेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुधाच्या टँकरवर, आठवड्यातून एकदा घरी. आई दिवसभर लोकांच्या द्राक्षबागेत. म्हणजे घरात मी, माझे आजोबा आणि ऐंशी मेंढरं. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. आता त्यांचे गुडघे गेलेत, पण तेव्हा ते दिवसाला चार कोस चालायचे आणि पोरीबाळींना मागं टाकायचे. सकाळी कपाळाला लावलेला बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवळातली हळद, घामानं ओघळली तरी संध्याकाळपर्यंत पुसायचे नाहीत.

आबा लांडग्याला लांडगा म्हणत नसत. नाव घेतलं की येतो. म्हणून 'पाहुणा'. पाहुण्यानं एखादं कोकरू नेलंच, तर लवणापर्यंत हाकाटी करत जायचे आणि तिथून परत फिरायचे. लवण म्हणजे माळ जिथं खाली उतरतो ती खोलगट जागा. तिच्या पलीकडं पाहुण्यांची बिळं. "हितवर आपलं, तितनं फुडं त्येचं," म्हणायचे.

वाघी आमची कुत्री, काळीभोर. तिच्या गळ्यात चामड्याचा जाड पट्टा होता आणि त्यावर बाहेरच्या बाजूला बोटभर लांब लोखंडी खिळे. पाहुणा कुत्र्याचा आधी गळा धरतो. पट्टा असला की त्याला गळा मिळत नाही. धनगराचा कुत्रा पट्ट्याशिवाय माळावर गेला, तर तो गेलाच म्हणून समजायचं.

मी सहावीत असताना मार्गशीर्षात वाघीला पाच पिल्लं झाली. चार तिच्यासारखी काळी. पाचवं भाजलेल्या हुलग्याच्या रंगाचं. काळी चार रक्ताच्या हगवणीत आठवड्यात गेली. हे एक राहिलं. आबांनी त्याला कोकरांच्यात टाकलं, वाघरीच्या आत. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. धनगराचं पिल्लू कोकरांच्यात झोपूनच मोठं होतं, म्हणजे मेंढरं ही आपलीच भावंडं, असं त्याच्या डोक्यात बसतं. हुलग्याच्या फारच बसलं. तो कोकरांसारखा डोक्यानं ढुशी द्यायचा. भुंकायचा कमी. पाय लांब, कान ताठ, आणि पुढच्या उजव्या पंजाची दोन बोटं पांढरी, दह्यात बुडवून काढल्यासारखी. वर्षाचा झाला तेव्हा आबांनी त्यालाही खिळ्यांचा पट्टा शिवला. त्या दिवशी तो मान वर करून असा काही चालत होता, जणू घड्याळ घातलंय.

खरात सरांनी ठरवलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी 'प्राण्यांमधील संकर' हा विषय मांडायचा. तक्ता मी केला. खेचर, शेळी-मेंढी, आणि मधोमध लांडगा, कुत्री, हुलगा. प्रयोग म्हणून खुद्द हुलगा. सर म्हणाले, कापसाच्या ज्वालामुखीपुढं जिवंत जनावर म्हणजे पहिला नंबर घरी.

त्या दिवशी सकाळी मी हुलग्याला आंघोळ घातली. मग आईच्या डबीतलं काजळ घेऊन त्याची दोन पांढरी बोटं काळी केली. त्यानं माझा हात चाटला आणि त्याची जीभही काळी झाली.

आबांनी त्याला दोरीनं धरून प्रदर्शनाच्या मांडवात आणलं. डोक्याला नवा फेटा. परीक्षक म्हणून आलेल्या प्राध्यापकांनी हुलग्याकडं वाकून बघितलं आणि आबांना विचारलं, "काय आजोबा, खरंच लांडग्याचा आहे का हा?"

"आता काय सांगू, सायब. आमी त्येच्या बापाची चौकशी केली न्हाय," आबा म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं. "पर ही म्हणती बगितलंय. आन् माजी नात खोटं बोलत न्हाय."

मग मी बोलले. दहा मिनिटं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सरपण आणायला कशी गेले, वाघी लवणाच्या काठाला कशी होती, करड्या पाठीचा तो कसा उभा होता, मला बघून कसा न पळता नुसता बघत राहिला. शब्द आपोआप येत होते. टाळ्या वाजल्या. पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: मी, तक्ता, आणि खाली 'धनगराच्या वाघरीत लांडग्याचं पिल्लू'. शाळेत आता मला 'बॅं' नाही, 'लांडगीण' म्हणायला लागले. खरं सांगते, मला ते आवडत होतं.

आठवड्यानं पुण्याहून शलाकाताई आल्या. माळावरच्या लांडग्यांचा अभ्यास करायच्या. त्यांनी हुलग्याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं लाळ घेतली, चार केस उपटले, सगळं बाटल्यांत भरून वर सतराचा आकडा टाकला. मग त्याचा पंजा हातात घेतला. माझं काजळ रोजचं होतं. त्यांच्या अंगठ्याला काळं लागलं. त्यांनी अंगठ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हर्षदा, तू नक्की पाहिलंस ना?"

"हो, ताई."

"नसशील तरी चालतं हं. 'माहीत नाही' हेसुद्धा आमच्यात उत्तर असतं."

"नाही, पाहिलंय."

त्यांनी रुमालानं अंगठा पुसला. "निकाल यायला तीन-चार महिने लागतील," एवढंच म्हणाल्या.

पण गाव चार महिने थांबणार नव्हतं. पौषात सोपान गडद्यांच्या मेंढवाड्यातली तीन कोकरं दहा दिवसांत गेली. ते आमच्याच नात्यातले, आबांना मानणारे. एरवी कोकरू गेलं की लोक पाहुण्याचं नाव घेतात आणि गप्प बसतात. या वेळी सोपानकाका पेपराचं कात्रण घेऊन आले.

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले. हुलगा आबांच्या पायाशी बसला होता आणि कुणाच्या तरी लेकराची चप्पल चावत होता.

"आबा, माजं तुमच्या कुत्र्याशी वैर न्हाय," सोपानकाका म्हणाले. "पर रगत पाहुण्याचं आसंल तर त्ये आज ना उद्या उठनारच. तुमी तरी आपल्या कोकरांत ठिवाल का?"

"त्यो कोकरांतच वाढलाय, सोपाना."

"म्हून तर भ्या वाटतंय. घरभेदी."

"पुण्याच्या बाईचा कागद येऊ द्या की," आबा म्हणाले.

"कागदाचं कागद बगू. पोरीनं बगितलंय म्हनती न्हवं? मग पोरगीच सांगंल." ते माझ्याकडं वळले. आवाज अगदी मऊ होता. "हर्षे, तू सांग बाळ. कुत्र्याचा आसंल तर आबांचा कुत्रा आबांच्या दारी. मी परत नाव काडनार न्हाय. पाहुण्याचा आसंल, तर त्येला आपल्यात ठिवता येनार न्हाय. उचल भंडारा."

आमच्यात भंडारा उचलला की विषय संपतो. मूठभर हळद हातात घेऊन बिरोबापुढं जे बोललं, ते खरं. तो खोटा पडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं वस्तीवर लहान पोरसुद्धा सांगेल.

पुजाऱ्यानं थाळा पुढं केला. पायरीवर माझ्या वर्गातल्या तीन मुली बसल्या होत्या. खरात सरही मुद्दाम मोटारसायकल काढून आले होते. बारा दिवसांनी जिल्ह्याच्या प्रदर्शनाला पुण्याला जायचं होतं, माझं नाव गेलेलं होतं. आणि आबा माझ्याकडं बघत होते, मांडवात बघत होते तसेच.

मी जे पाहिलं होतं त्यात लांडगा नव्हता. एवढंच म्हणायचं होतं. पाच-सहा शब्द. मी मनात जुळवलेसुद्धा. पण त्या शब्दांच्या मागं मला ते 'बॅं' ऐकू येत होतं. आणि बाराव्या वर्षी माणूस स्वतःला काय काय पटवतं बघा. मला वाटलं, आबा हुलग्याला सोडणारच नाहीत. सोपानकाका चार दिवस चिडतील. कागद येईल तेव्हा बघू.

मी थाळ्यात हात घातला. हळद थंड होती.

"मी लांडगाच बघितला," मी बिरोबाला सांगितलं.

आबांनी फक्त मान हलवली. वाकून हुलग्याच्या तोंडातली चप्पल काढून घेतली आणि ज्याची त्याला दिली.

घरी येऊन मी हात धुतले. साबणानं धुतले, राखेनं घासले. मुठीतल्या रेषांमध्ये पिवळं तसंच.

"घासू नगंस," आबा दारातून म्हणाले. "हळद साबनानं जात न्हाय. उनात धर, उनानं जाती." मग दोर घेतला. "चल. दिवस हाय तवर जाऊन येऊ."

मला वाटलं, मेंढरं चारायला.

लवणाच्या काठाला पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. कुसळी गवत सगळं पिवळं, वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं. हुलगा पुढं पळायचा, मागं वळून बघायचा. आबांनी त्याला जवळ घेतलं, दोर सोडला आणि मग पट्ट्याची कडी काढायला लागले.

"आबा, पट्टा कशाला काढताय?"

"पट्टा म्हंजी आपला शिक्का. त्यो बगितला तर त्येची मानसं त्येला जवळ घेनार न्हाईत." कडी नवी होती, निघत नव्हती. त्यांनी दातानं ओढली. पट्टा निघाला. हुलग्याच्या मानेवर केस दबून गोल खूण झाली होती, ती त्यांनी बोटांनी मोकळी केली. "जा बाबा. आमच्यात तुला कोन सुखानं जगू देनार न्हाय. तुज्या मानसांत जा."

"आबा..."

"भंडारा उचललायस तू. आता काय बोलू नगंस." ते माझ्यावर चिडले नव्हते. माझ्यासाठी घाबरले होते. उचललेल्या भंडाऱ्यावर पुन्हा बोललं की देव ऐकतो. आणि मी तोंड मिटलं, कारण मलाही तेच वाटत होतं: आता मी खरं बोलले, तर भंडारा खोटा पडेल आणि आबाच जातील. घरात सगळ्यात म्हातारं माणूस तेच.

हुलगा जाईना. दहा पावलं जायचा, बसायचा, शेपटीनं धूळ उडवायचा. आबांनी ढेकूळ मारलं. ते फुटलं, तर हा त्याचा तुकडा तोंडात धरून परत घेऊन आला आणि आबांच्या पायाशी ठेवला. असं दोनदा झालं.

"तू मार," आबा म्हणाले. "माजा हात बसत न्हाय."

मी दगड उचलला. छोटा नव्हता. तो हुलग्याच्या बरगडीवर बसला. तो क्यॅं करून ओरडला नाही. डोकं खाली करून मला ढुशी द्यायला दोन पावलं आला आणि मधेच थांबला. मग वळला. लवणात उतरताना एकदाच दिसला, गवतात गवताच्या रंगाचा.

परत येताना पट्टा आबांच्या हातात होता. खिळे एकमेकांवर वाजत होते.

त्यानंतर मी काय केलं? जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गेले. सकाळी आबा एसटीपर्यंत आले होते, हातात गुळाचा खडा दिला. मी विचारलं, "आबा, हुलगा आता त्यांच्यात रमला असंल का?"

ते एसटीच्या पाटीकडं बघत होते. "रमला आसंल," म्हणाले.

पुण्यात मी तेच बोलले. आणखी चांगलं बोलले. शेवट नवा जोडला: तो आज माळावर आपल्या रक्ताच्या माणसांत आहे. एका बाईंनी डोळे पुसले. दुसरा नंबर आला. त्या ढालीचं वरचं घुबड कधीच तुटलंय, पण माझी पहिली ढाल म्हणून आई ती पुढं मांडते. मी मागं सरकवते, ती पुढं आणते.

हुलगा गेल्यावरही सोपानकाकांची आणखी दोन कोकरं गेली. त्याबद्दल गावात कुणी बोललं नाही.

चैत्रात पोस्टमन माझ्या नावाचा लिफाफा घेऊन आला. माझ्या नावाचं आयुष्यातलं पहिलं पत्र. आबा लिंबाखाली बसून टकळीवर लोकर कातत होते. मी वाघरीच्या मागं जाऊन फोडलं. दोनदा वाचलं. तेवढ्यात आबांनी विचारलं, "पुन्याच्या बाईचा हाय का?"

"हो."

"वाच की मग."

मला ते खोटं वाचता आलं असतं. त्यांना अक्षर येत नाही. मी समोर उभी राहिले, आणि मांडवात लागलेला तो माझा मोठा आवाज निघेचना. "नमुना क्रमांक सतरा," मी वाचलं. "पाळीव कुत्रा. लांडग्याचा अंश आढळला नाही."

टकळी फिरत होती. सूत तुटलं नाही.

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

"तिसऱ्या दिशी गेल्तो बगायला. लांब गेलाच न्हवता. सोडला तितनं हाकंच्या अंतरावर व्हता, बोरीच्या बुडाला." त्यांनी लोकरीचा पेळू बदलला. "गळा धरला व्हता. पाहुनं आपल्या रगताला आसं फाडत न्हाईत. हुंगून सोडत्यात. त्येनी वळाकलं त्येला. आपल्यालाच वळाकला न्हाय."

"तिसऱ्या दिवशी?" म्हणजे एसटीच्या नऊ दिवस आधी. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला पुन्याला जायचं व्हतं."

मी खाली बसले. "मी मारलं त्याला, आबा."

"पट्टा कुनी काडला?" ते म्हणाले. "दातानं काडला म्या."

मग जे मला तीन महिने झोपू देत नव्हतं ते मी विचारलं. "भंडारा खोटा पडला, आबा. आता कोण जाणार?"

"कोन न्हाय." टकळी थांबली. "त्याला पुरलं आन् तसाच देवळात गेलो. बिरोबाला म्हनलं, पोरीचा भंडारा माज्या नावावर घे."

मी त्यांचा हात धरला.

"आगं, भिऊ नगंस. माजं वय काय ऱ्हायलंय? उद्या म्हातारपनानं गेलो, तर त्येचं नाव बिरोबाला कशाला?" ते हसले थोडं. मग त्यांनी माझी मूठ उलगडून तळवा बघितला. त्यावर आता काहीच नव्हतं, उन्हानं सगळं गेलं होतं. तरी ते बघत राहिले. "आता सांग. कागद आला, देवाचं आन् माजं मिटलं. तू काय बगितलं व्हतंस?"

मी सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरपण आणायला गेले होते हे खरं. वाघी लवणाच्या काठाला होती हेही खरं. तिच्याजवळ एक तांबूस कुत्रा होता, पाठीवर खरूज, एक पाय उचलून चालणारा. मी हाड केलं तर तो पळाला नाही. आधी बसून घेतलं, मग उठून वाघीच्या मागं मागं लंगडत गेला. एवढंच होतं. वर्गात उभं राहून सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"लंगडा? डावीकडनं?"

"हो."

"त्यो ढाब्यावरचा. मागं ट्रकखाली सापडला." आबा आठवत होते. "लई गरीब जनावर व्हतं. भाकरीचा तुकडा टाकला, तर आदी मानसाकडं बगायचं, खाऊ का म्हून." ते थांबले. "त्याची बी दोन बोटं पांडरी व्हती का गं? पुडच्या पायाची?"

"हो, आबा. उजव्या."

"मग त्येच्यावरच गेला व्हता," आबा म्हणाले. त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, कपाळावरचा भंडाराही त्यात पुसला गेला, आणि टकळीला पुन्हा पीळ दिला. "बरं झालं सांगितलंस. बापाचं नाव तरी लागलं त्येला."